नापास व्हायलाही परीक्षेला बसावे लागते

(आपल्या १९८४ च्या दहावीच्या तुकडीच्या बोदलकसा येथील स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेच्या संपादक मंडळाच्या सांगण्यावरून लिहून दिले आहे.)



कालपासून आपण शाळेच्या आठवणी काढून हसतो आहोत. कोणाचा डबा कोणी खाल्ला, कोणाला किती छड्या बसल्या, याचा हिशेब चाळीस वर्षांनी पुन्हा झाला. अशा आनंदाच्या वेळी धुराबद्दल बोलणे बरे दिसेल का, असे मला वाटत होते. पण संयोजकांनी सांगितले, "तू आयुष्यभर विज्ञान शिकवलंस, तुला जे सांगावंसं वाटते ते सांग." म्हणून उभी राहिले आहे. आपले विज्ञानाचे सर समोरच बसले आहेत. काही चुकले तर सर, नेहमीप्रमाणे मध्येच थांबवा.

आज सकाळी आपण बरेच जण तलावाच्या पाळीवर फिरायला गेलो होतो. पाण्यावर पांढुरका थर होता. पलीकडची जंगलाची रेघ नीट दिसत नव्हती. कोणीतरी म्हणाले, "का सुंदर धुकं आहे बाप्पा!" फोटोही काढले. धुके होतेच. पण त्या थराला एक वासही होता, तो तुमच्यापैकी किती जणांना आला? मला आला. तो ओल्या लाकडाचा आणि जळलेल्या पाचोळ्याचा वास होता. धुके आणि धूर एकाच थरात मिसळले होते, आणि आपण फक्त धुके पाहिले.

आपण वर्गात शिकलो होतो की गरम हवा वर जाते. थंडीच्या रात्री जमीन लवकर निवते, जमिनीलगतची हवा गार होते आणि तिच्यावर थोड्या गरम हवेचा थर बसतो. गंजावर झाकण ठेवावे तसा. मग खालचा धूर वर जाऊ शकत नाही. तो गावावर, शेतावर, तलावावर पसरून राहतो. ऊन चढले की झाकण उघडते. म्हणून आपल्याकडे धुराचा खरा त्रास दिवाळीपासून होळीपर्यंत, आणि त्यातही पहाटे आणि संध्याकाळी. नेमके याच वेळी आपण तब्येतीसाठी फिरायला निघतो.

'वायुप्रदूषण' हा शब्द आपल्या तुकडीने मनावर घेतला तो शाळा सुटल्यावर. दहावी झाली त्याच वर्षी, १९८४ च्या डिसेंबरात, भोपाळची वायुगळती झाली. हजारो माणसे गेली. तेव्हापासून माझ्या मनात पक्के बसले की हवा बिघडते ती मोठ्या शहरात, मोठ्या कारखान्यात आणि एका भयंकर रात्री. पुढे त्यात दिल्लीची भर पडली. आपला झाडीचा मुलुख, तळ्यांचा मुलुख. इकडे नागझिरा, तिकडे नवेगाव. आपली हवा कशी बिघडेल?

हा समज माझ्या घरातच खोटा ठरला. ते सांगते.

माझी माय तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. शाळेच्या मागच्या गल्लीत आमचे घर. ती दिवसा बिड्या बांधायची आणि सकाळ-संध्याकाळ चुलीपुढे बसायची. आयुष्यात लाखो बिड्या बांधल्या असतील, ओढली मात्र एकही नाही. पन्नाशी उलटली आणि तिला खोकला लागला. आम्ही म्हणालो, थंडीचा आहे. मग दम लागू लागला. आम्ही म्हणालो, वयाचा आहे. साठीत ती विहिरीपासून घरापर्यंत येताना दोनदा बसायला लागली, तेव्हा तिला नागपूरला नेले. डॉक्टरांनी नळीत फुंकर मारायला लावली, कागद पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "आजी, बिडी किती वर्षं ओढली?" माय रागावली. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, "चुलीवर किती वर्षं स्वयंपाक केला?"

त्या प्रश्नाचा हिशेब मी परतीच्या गाडीत केला. रोजचे पाच तास धरले आणि चाळीस वर्षे धरली तरी ७३ हजार तास होतात. एवढे तास ती धुरात बसली होती, आणि आमच्या घरात मी विज्ञान शिकलेली होते. बिडीच्या तंबाखूची धूळ वेगळीच. शेवटची तीन वर्षे ती बसूनच झोपायची. २०११ च्या थंडीत ती गेली. मृत्यूच्या दाखल्यावर फुफ्फुसाचा आजार लिहिला आहे. धूर हा शब्द त्यात कुठेही नाही.

मुद्दा हाच आहे. धुराने माणूस मरतो, पण धुराचे नाव कागदावर येत नाही. 'द लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज असा की २०१९ या एका वर्षात भारतात सुमारे १६.७ लाख मृत्यू वायुप्रदूषणामुळे झाले. त्यातले सुमारे सहा लाख घरातल्या धुराचे, म्हणजे लाकूड, गोवऱ्या, कोळसा यांच्या धुराचे. हे सगळे दिल्लीचे नाहीत. यात कितीतरी जणींची गोष्ट माझ्या मायसारखी आहे.

हवेत नेमके काय असते, तेही थोडक्यात सांगते. डोळ्यांना दिसणारी धूळ नाकात, घशात अडकते, आपण शिंकतो, खोकतो. खरा धोका न दिसणाऱ्या कणांचा. २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कण. डोक्याचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे हा कण केसाच्या विसाव्या हिश्श्याहूनही बारीक. तो फुफ्फुसाच्या अगदी शेवटच्या फुग्यापर्यंत जातो, त्यातले काही रक्तातही उतरतात. म्हणून धुराचा संबंध फक्त दम्याशी नाही, हृदयविकाराशी आणि पक्षाघाताशीही आहे. भारताने २००९ साली ठरवलेली मर्यादा अशी: एक घनमीटर हवेत या बारीक कणांची वर्षाची सरासरी ४० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हीच मर्यादा ५ वर आणली. या दोन आकड्यांमधले अंतर लक्षात ठेवा. आपल्याकडे सरकारी मोजपट्टीवर पास झालेली हवासुद्धा निर्धोक असतेच असे नाही.

आता तुम्ही विचाराल, मग गोंदियाची हवा कशी आहे? पेपरात तर कधी वाचली नाही.

जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. जी शहरे सतत काही वर्षे हवेची मर्यादा पाळू शकली नाहीत, त्यांची यादी केली. ती आता सुमारे १३० शहरांची आहे. आपल्या विदर्भातून नागपूर, चंद्रपूर, अमरावती, अकोला आहेत. गोंदिया नाही, भंडारा नाही, गडचिरोली नाही. मी ही यादी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला बरे वाटले. मग विचार केला, या यादीत नाव येण्यासाठी आधी काय लागते? वर्षानुवर्षांचे मोजमाप लागते. ज्या गावात यंत्र नाही, नोंद नाही, ते गाव यादीत येणार कसे? आपल्या वर्गात एक मित्र होता. निकालाच्या दिवशी घरी सांगायचा, "माझं नाव नापासांच्या यादीत नाही." खरेच बोलायचा तो. परीक्षेलाच बसलेला नसायचा! नापास व्हायलाही परीक्षेला बसावे लागते. देशातली शेकडो लहान शहरे आणि तालुक्याची गावे त्या मित्रासारखी आहेत.

शेजारच्या चंद्रपूरचे उदाहरण घ्या. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या ८८ औद्योगिक परिसरांना गुण दिले. चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले आणि ते देशात चौथे आले. आपल्याला गुण जास्त मिळाले की आनंद व्हायचा. इथे गुण जास्त म्हणजे प्रदूषण जास्त! कोळशाच्या खाणी, मोठे वीज केंद्र, सिमेंटचे कारखाने, हे सगळे तिथे आधीही होतेच. पण आकडा हातात आल्यावर तिथल्या लोकांच्या बोलण्याला जोर आला. डॉक्टर, पत्रकार, पर्यावरणाचे काम करणारे तरुण यांना 'हवा खराब वाटते' असे म्हणावे लागले नाही, 'हवा खराब आहे' असे म्हणता आले. चंद्रपूरची हवा त्यामुळे एका दिवसात सुधारली नाही. पण निदान तिथे प्रश्नाला प्रश्न म्हणतात.

आपल्या जिल्ह्यात धूर कुठून येतो? पहिला चुलीचा. गॅस घरोघरी आला, २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर तर बराच आला. पण सिलिंडर भरायला पैसे लागतात आणि जंगलातल्या सरपणाला लागत नाहीत. म्हणून चहा गॅसवर आणि आंघोळीचे पाणी, भात चुलीवर, असे अनेक घरांत चालते. दुसरा धूर कचऱ्याचा, पाचोळ्याचा, शेतातल्या तणसाचा. तिसरा जंगलाचा. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तेंदूला चांगली पालवी फुटावी म्हणून पेटवतात, आणि आग हाताबाहेर जाते. एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्यात वणवा विझवताना वनमजुरांचा जीव गेला, ते आपण विसरलेलो नाही. चौथा धूर कोळशाचा. आपल्या तिरोड्याला ३३०० मेगावॅटचे वीज केंद्र आहे. भारतातल्या कोळशात राखेचे प्रमाण जास्त असते, शेकडा ३० ते ४५. म्हणून जिथे कोळसा जळतो तिथे चिमणीबरोबरच राख साठवणे आणि वाहून नेणे, याकडेही लक्ष ठेवावे लागते. आणि पाचवा धूर आपल्या धानाचा.

गोंदिया तांदळाचे गाव, आपण सगळे त्या भातावरच वाढलो. १०० किलो धान भरडले की साधारण २० किलो भुसा निघतो. उष्णा तांदूळ करणाऱ्या मिलमध्ये तोच भुसा बॉयलरमध्ये जळतो. इंधन फुकट मिळते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्या २० किलोतून चारेक किलो राख उरते, आणि तिच्यात बहुतेक सिलिका असते. ती पकडली नाही तर वाऱ्यावर उडते. वाळू घातलेल्या पापडांवर, कपड्यांवर बसणारी काळी कुसळे ती हीच. आपल्या वर्गातल्या दोघांच्या मिल आहेत. दोघेही समोर बसले आहेत. मी काय बोलणार ते त्यांना कालच सांगितले आहे, म्हणून निर्धास्तपणे बोलते!

आता मी काय केले, आणि कुठे चुकले, ते सांगते.

माय गेल्यावर मी ठरवले की मुलांना हवा शिकवायची ती पुस्तकातून नाही. पहिल्या वर्षी मी पालकसभेत आकड्यांचा तक्ता लावला. मायक्रोग्रॅम, निर्देशांक, सगळे. वीस पालक आले होते, निम्मे मध्येच उठले. एक आजी जाताना म्हणाल्या, "का होते बाई धुरानं? आम्ही त धुरातच मोठ्या झालो." मला उत्तर सुचले नाही. कारण माझी मायही हेच म्हणायची.

दुसऱ्या वर्षी तक्ता बाजूला ठेवला. आठवीच्या मुलांना पांढरे पुठ्ठे दिले, त्यावर व्हॅसलिनचा पातळ थर लावला आणि पाच ठिकाणी आठवडाभर ठेवले: मिलच्या रस्त्यावर, बसस्थानकाजवळ, एका मुलीच्या घरी चुलीजवळ, आमच्या शाळेच्या फाटकावर आणि गावाबाहेर एका बांधीवर. हा प्रयोग कोणीही दहा रुपयांत करू शकतो. त्याची मर्यादाही सांगते. पुठ्ठ्यावर जाडी धूळ आणि काजळीच चिकटते, बारीक कण मोजता येत नाहीत. पण बघणाऱ्याला बघता येते. नवी मुंबईच्या खारघरमध्ये जानेवारी २०२१ मध्ये काही संस्थांनी पांढऱ्या फुफ्फुसांचा मोठा फलक उभारला होता. तो दहा दिवसांत काळा पडला. आमचे पुठ्ठे म्हणजे त्या फलकाचेच गरीब भावंड.

आठवड्याने पुठ्ठे उघडले. सर्वांत काळा चुलीजवळचा. अपेक्षा होतीच. दुसरा मिलच्या रस्त्याचा असेल असे मी मुलांना आधीच सांगून ठेवले होते. तो निघाला तिसरा. दुसरा होता आमच्याच शाळेच्या फाटकावरचा.

मी गप्प झाले, कारण कारण मला माहीत होते. दर शनिवारी शाळा सुटली की आवारातला पाचोळा, कागद, खाऊच्या पिशव्या फाटकाजवळ जमा करून पेटवायचे. तसे सांगणारी मीच. स्वच्छता समितीची प्रमुख मी होते. आवार स्वच्छ दिसायचे, तपासणीला शेरा चांगला मिळायचा. आणि तो धूर संध्याकाळी समोरच्या वस्तीत शिरायचा. त्या वस्तीतला एक मुलगा माझ्याच वर्गात होता, हिवाळ्यात महिन्यातले आठ दिवस खोकल्याने गैरहजर राहायचा. त्याच्या हजेरीपुढे मी लाल शाईने खूण करत होते.

त्याच सुमारास मी आपल्या मिलवाल्या मित्राकडे पुठ्ठा घेऊन गेले होते. त्याने पाहिला आणि म्हणाला, "मिलच्या धुराचं बोलाले आली, बोल. पण तुह्या शाळेचाही पुठ्ठा दाखव ना." मी पिशवीतून काढून दाखवला. तोही गप्प, मीही गप्प. मग तो म्हणाला, "चहा घे." त्या दिवशी आमचे पहिल्यांदा नीट बोलणे झाले. दोघांच्याही हाताला काळे लागले होते, म्हणून झाले. त्याने बॉयलरचे राख पकडणारे यंत्र दुरुस्त करून घेतले, भुशाच्या गाड्यांवर ताडपत्री बांधायला लावली. आम्ही शाळेत दोन खड्डे खणले, पाचोळा त्यात, वर माती आणि शेणपाणी. पावसाळ्यानंतर खत निघाले. ते शाळेच्या झाडांना घातले.

आणि गंमत म्हणजे पुढच्या पालकसभेला त्याच आजी आल्या. या वेळी मी भाषण केले नाही. त्यांच्या हातात चुलीजवळचा पुठ्ठा दिला. त्यांनी त्यावर बोट फिरवले, बोट पाहिले, पदराला पुसले आणि विचारले, "हे आत बी जाते का?" मी म्हणाले, "जाते." त्या म्हणाल्या, "मंग सुनेला सांगतो, चूल बाहेर मांडाले." चूल बंद झाली नाही, पण स्वयंपाकघराच्या बाहेर आली. घरातल्या लहान लेकरासाठी हा फरक फार मोठा आहे.

मित्रांनो, लोकांना धुराबद्दल जागे करायचे म्हणजे त्यांना घाबरवायचे नाही, आणि दुसऱ्याकडे बोट दाखवायचे नाही, एवढे मी यातून शिकले. आपला धूर आधी ओळखायचा, त्याला नाव द्यायचे आणि मग शेजाऱ्याशी बोलायचे. पण एवढ्यावर थांबूनही चालणार नाही. मोठ्या चिमण्यांचे, रस्त्यांचे, वाहनांचे प्रश्न पुठ्ठ्याने सुटत नाहीत. त्यासाठी मोजमाप लागते आणि मोजमाप मागावे लागते. १९८१ चा हवा कायदा आपल्या गावालाही लागू आहे. उघड्यावर कचरा जाळल्यास ५ हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपये भरपाई भरावी लागेल, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला आहे. दिल्ली-मुंबईच्या लोकांना हे माहीत आहे. आपल्यालाही माहीत असावे.

म्हणून या मेळाव्याकडे माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली, आपल्या शाळेसाठी. निधी जमतो आहे, त्यातून कमानीवर नावे कोरण्याचा विचार आहे असे ऐकले. कमान जरूर करा. पण त्याआधी शाळेच्या मागच्या बाजूला पाचोळ्याचे दोन पक्के खड्डे बांधून द्या. खर्च कमानीच्या दहाव्या हिश्श्याचाही नाही.

दुसरी, आपल्यातल्या डॉक्टर मित्रांसाठी. खोकला घेऊन आलेल्या प्रत्येक बाईला बिडीबरोबर चुलीचेही विचारा. आणि लवकर विचारा. माझ्या मायला कोणी पन्नाशीत विचारले असते तर तिची शेवटची वर्षे वेगळी गेली असती.

तिसरी, आपल्या सर्वांसाठी. आपल्यातले कोणी पुण्यात, कोणी रायपूरला, कोणी परदेशात आहे. कोणी नगरपरिषदेत आहे, कोणी पत्रकार आहे. आपल्या सह्यांचे एक निवेदन करू या: गोंदिया आणि तिरोड्याच्या हवेचे आकडे रोज, मराठीत, लोकांना दिसतील अशा ठिकाणी लावा. आकडा चांगला आला तर आनंदच आहे. वाईट आला तर निदान अभ्यासाला लागता येईल. निवेदनाचा कागद मी सोबत आणला आहे, जेवणाच्या मंडपात टेबलावर ठेवला आहे. आपल्या दोन्ही मिलवाल्या मित्रांनी काल रात्रीच पहिल्या दोन सह्या केल्या आहेत, हे मुद्दाम सांगते.

बोलणे लांबले. मागे स्वयंपाकाची चूल पेटली आहे, त्या धुराने आपले आचारीकाका डोळे पुसत आहेत, आणि भाजीचा वासही येतो आहे. त्यांना आधी थोडे मोकळ्या हवेत बसू द्या. वाढायचे काम आज आपण करू.